लग्न लागलं, हे कधी म्हणायचं? पर्यायी विवाहविधींचा इतिहास

आजचा विषय संयोजकांनी सुचवला तेव्हा मला जरा हसू आलं. 'मोकळ्या जागेतल्या लग्नासाठी एकत्र येण्याचे पर्यायी विधी' असा तो विषय. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, मला सजावटीतलं काय कळतं? पण विचार करत गेलो तसं लक्षात आलं की हा विषय सजावटीचा नाहीच. कुठल्या कृतीनं दोन माणसं 'एक' होतात आणि ती झाली हे कोण ठरवतं, हा यातला खरा प्रश्न आहे. त्याला मोठा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात कोर्टकचेऱ्याही पुष्कळ आहेत.

आधी हल्लीचं चित्र बघू. अमेरिकेत गेल्या शतकाच्या उत्तरार्धात चर्चमधल्या लग्नांत 'युनिटी कँडल' नावाचा प्रकार रूढ झाला. वधूकडची एक मेणबत्ती, वराकडची एक, आणि दोघांनी मिळून मधली तिसरी पेटवायची. दिसायला छान आहे. पण लग्नं चर्चमधून बागेत, समुद्रकिनाऱ्यावर आली आणि वाऱ्यानं घोटाळा केला. मेणबत्ती पेटेचना. मग दोन रंगांची वाळू एका बरणीत ओतण्याचा विधी पुढे आला, कुणी रोप लावून त्याला दोघांच्या घरची माती घालू लागलं, कुणी हाताला हात लावून वर दोरी बांधू लागलं. आपल्याकडेही आता कर्जत-अलिबागच्या फार्महाऊसवर हे सगळं पोचलं आहे. वाळूचा युक्तिवाद असा की एकदा मिसळलेले कण पुन्हा वेगळे करता येत नाहीत. तर्कशास्त्राचा मास्तर म्हणून मी म्हणेन, करता येतात, फक्त वेळ लागतो. (हशा)

पण या नव्या विधींना कुणी 'उपरे' किंवा 'थिल्लर' म्हणालं तर मी त्या बाजूनं बोलणार नाही. विधी नवे होत असतात, हे आपल्या सूत्रकारांनाही माहीत होतं. आश्वलायन गृह्यसूत्रात विवाहाचं प्रकरण सुरू होतं तेच मुळी या कबुलीनं की देशोदेशीचे आणि गावोगावचे आचार नाना प्रकारचे असतात आणि विवाहात ते पाळावेत; आम्ही फक्त सर्वांना समान असेल तेवढंच सांगतो. आपस्तंब तर सांगतो की उरलेल्या रीती बायकांना विचारून घ्याव्यात. म्हणजे पोथी लिहिणाऱ्याला ठाऊक होतं की लग्नाचा निम्मा भाग पोथीबाहेर, आजी-आत्यांच्या ताब्यात आहे. आणि उघड्यावरच्या लग्नाचं म्हणाल तर हॉल ही अगदी अलीकडची गोष्ट. आपलं लग्न अंगणातल्या मांडवातच लागायचं. गोरज मुहूर्त म्हणजे गाई घरी परतताना उडणाऱ्या धुळीची वेळ. ती वातानुकूलित सभागृहात कशी दिसणार? पाण्यात घटिकापात्र सोडून ठेवायचं, ते भरून बुडालं की घटका झाली, आणि मुहूर्ताला अंतरपाट दूर व्हायचा. एकत्र येण्याचा विधी म्हणून मला तर अंतरपाट फार आवडतो. त्यात काही मिसळायचं नाही, काही पेटवायचं नाही. मधलं कापड बाजूला होतं, इतकंच.

आता मुद्द्यावर येतो. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्डला व्याख्यानं दिली, ती त्यांच्या मृत्यूनंतर १९६२ मध्ये पुस्तकरूपानं आली. त्यांचं म्हणणं असं की काही वाक्यं वर्णन करत नाहीत, ती काहीतरी 'करतात'. 'मी या जहाजाला अमुक नाव देतो' असं म्हटलं की नाव दिलं गेलं. त्यांचं लाडकं उदाहरण लग्नाचं. इंग्रजी लग्नात 'आय डू' म्हटलं की लग्न होतं. आता गंमत अशी की इंग्लंडच्या चर्चविधीत 'आय डू' हे शब्द नाहीतच. ऑस्टिनच्या हे फार उशिरा लक्षात आलं, आणि पुस्तकाच्या संपादकांनी तळटीप टाकली की चूक तशीच ठेवली आहे, कारण तात्त्विकदृष्ट्या ती महत्त्वाची नाही. तत्त्वज्ञांना असं म्हणणं परवडतं. न्यायालयात उभ्या असलेल्या बाईला परवडत नाही, ते पुढे दिसेलच.

ऑस्टिनचा दुसरा मुद्दा जास्त कामाचा. अशी कृती फसूही शकते. शब्द बरोबर उच्चारले, पण बोलणाऱ्याला अधिकार नव्हता, किंवा रीत मान्यच नव्हती, तर बार फुसका जातो. सगळं झाल्यासारखं दिसतं, पण घडत काहीच नाही. पर्यायी विधींचा इतिहास हा या फुसक्या बारांचा इतिहास आहे. विधी शोधून काढणं सोपं असतं. तो 'लागला' असं चारचौघांनी आणि सरकारानं म्हणणं, याला कधीकधी शंभर वर्षं लागतात.

पहिलं उदाहरण अमेरिकेतल्या गुलामांचं घेतो. आज अनेक आफ्रिकी-अमेरिकन जोडपी लग्नात जमिनीवर केरसुणी आडवी ठेवून हातात हात घालून ती ओलांडतात. आपल्याला ऐकायला विचित्र वाटतं, कारण आपण केरसुणीला लक्ष्मी मानतो, चुकून पाय लागला तरी नमस्कार करतो. तर ही चाल आली कुठून? अठराव्या शतकाच्या इंग्लंडमध्ये 'केरसुणीवरचं लग्न' म्हणजे चर्चबाहेरचं, कच्चं लग्न, अशी कुत्सित बोलण्याची पद्धत होती. वेल्समध्ये, जिप्सी लोकांत तशी चाल असल्याचे उल्लेख मिळतात. अमेरिकेच्या दक्षिणेत ती मळ्यांवरच्या गुलामांमध्ये दिसते. कायद्यानं गुलामाला करार करता येत नव्हता आणि लग्न हा करार. म्हणून गुलामाचं लग्न कायद्याच्या लेखी घडूच शकत नव्हतं. मालक आज नवऱ्याला एका बाजारात विकेल, उद्या बायकोला दुसऱ्या. काही ठिकाणी तर लग्न लावणारा माणूस शपथेतच दुरुस्ती करून घ्यायचा: मृत्यू किंवा अंतर तुम्हाला वेगळं करेपर्यंत. हा 'अंतर' शब्द नीट ऐका. त्याचा अर्थ विक्री.

तरीही त्यांनी ती केरसुणी ओलांडली. ही उघड्यावरची लग्नं होती. झोपड्यांच्या रांगेसमोर, मळ्यातलं काम संपल्यावर, शेजाऱ्यांच्या साक्षीनं लागलेली. कुठे मालक स्वतः समोर उभा राहून करमणूक म्हणून हा प्रकार करवून घेई. म्हणून १९३० च्या दशकात सरकारी योजनेतून वृद्ध माजी गुलामांच्या मुलाखती घेतल्या गेल्या, तेव्हा कुणी ही आठवण हसत सांगितली, कुणी लाजेनं.

मुक्तीनंतर काय झालं ते अधिक बोलकं आहे. नॉर्थ कॅरोलिना राज्यानं १८६६ मध्ये कायदा केला की गुलामगिरीत एकत्र राहिलेल्या जोडप्यांनी अधिकाऱ्यासमोर येऊन तसं नोंदवावं, म्हणजे त्यांचं लग्न धरलं जाईल. फी पंचवीस सेंट. वीस-वीस, तीस-तीस वर्षं संसार केलेली माणसं कचेरीच्या दारात उभी राहिली. त्यांना प्रेमाचा दाखला नको होता. मुलं आपली ठरावीत, बायको आपली वारस ठरावी, यासाठी ती आली होती. त्यानंतर पुष्कळांनी केरसुणी सोडून दिली, गुलामीची खूण म्हणून. ती परत आली शंभर वर्षांनी, ॲलेक्स हेलीच्या 'रूट्स' या १९७६ च्या पुस्तकानं आणि पुढच्या वर्षीच्या दूरदर्शन मालिकेनं. या वेळी अभिमानाची खूण म्हणून. तोच विधी, पण हक्क हातात असताना केलेला आणि हक्क नसताना केलेला, यांत फार फरक पडतो.

हाताला दोरी बांधण्याच्या स्कॉटिश विधीबद्दल दोनच वाक्यं. तो 'एक वर्ष आणि एक दिवसाचं प्रायोगिक लग्न' होता असं सर्रास सांगितलं जातं. ती बरीचशी दंतकथा आहे आणि ती लोकप्रिय करण्यात सर वॉल्टर स्कॉट यांच्या कादंबरीचा हात आहे. खरी गोष्ट एवढीच की स्कॉटलंडमध्ये १९४० पर्यंत पाद्री नसताना, केवळ परस्पर संमतीच्या शब्दांनी लग्न लागू शकत असे, आणि म्हणूनच इंग्लंडमधली पळून आलेली जोडपी सीमेवरच्या ग्रेटना ग्रीन गावी लोहाराच्या ऐरणीसमोर लग्न करत.

आता घरी येऊ. पुण्यात २४ सप्टेंबर १८७३ ला सत्यशोधक समाज स्थापन झाला, आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिला सत्यशोधक विवाह लागला. वर सीताराम जबाजी आल्हाट, वधू राधा. ती सावित्रीबाईंच्या मैत्रीण बजूबाई निंबणकर यांची मुलगी. पुढाकार सावित्रीबाईंचा होता. भटजी नाही, हुंडा नाही, खर्च जवळपास नाहीच. पुढच्या वर्षी ग्यानोबा ससाणे यांचं लग्न असंच लागलं, आणि त्याला विरोधही झाला. पुढे १८८९ मध्ये जोतीरावांनी आपला दत्तक मुलगा यशवंत याचं लग्न ससाण्यांच्याच मुलीशी याच पद्धतीनं लावलं. दुसऱ्यांच्या मुलांवर प्रयोग करून थांबणारे ते सुधारक नव्हते.

या विधीची पुस्तिका १८८७ मध्ये निघाली. ती जरूर वाचा, कारण विधी कसा रचावा याचा तो नमुना आहे. जोतीरावांनी मंगलाष्टकं मोडीत काढली नाहीत. लोकांच्या कानाला सवय असलेला साचा तसाच ठेवला आणि आतला मजकूर बदलला. एरवी मंगलाष्टकं तिसरेच कुणीतरी म्हणतात. वधूवर अंतरपाटाच्या दोन बाजूंना मुके उभे. इथे वधूवर स्वतः मराठीत एकमेकांशी बोलतात. वधू विचारते, आम्हा स्त्रियांना स्वातंत्र्याचा अनुभव नाही, त्याचं काय करणार? आणि वर सर्वांसमोर वचन देतो की स्त्रियांचे हक्क मिळावेत म्हणून मी झटेन. १८८७ साल ध्यानात घ्या. मुली दहा-अकराव्या वर्षी बोहल्यावर चढत होत्या, त्या मुलीच्या तोंडी हा सवाल दिला आहे. तिला तो किती कळला असेल, अशी शंका कुणी घेईल. मीही घेतो. पण मांडवातल्या बाकीच्या बायकांना तो कळला असणार.

यात भटजीचा आक्षेप धर्माचा होता, तसाच तो हिशोबाचाही होता. जोशीपण हे वतन होतं. तुम्ही मला बोलावलं नाही, तरी माझी दक्षिणा बुडवता येणार नाही, असा दावा वतनदार जोशी न्यायालयात करत आणि त्या काळी तसे दावे मान्यही होत. जुन्नर तालुक्यातल्या ओतूरचं प्रकरण असंच मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं. १८९० साली, म्हणजे जोतीराव गेले त्याच वर्षी, निकाल सत्यशोधकांच्या बाजूनं लागला. घरच्या मांडवात पुरोहिताशिवाय लग्न लावण्याची मोकळीक मिळवायला सतरा वर्षं आणि वकिलांची फी लागली.

पण मंडळी, गोष्ट इथे संपत नाही. १९५५ चा हिंदू विवाह कायदा आला. त्याचं सातवं कलम म्हणतं की लग्न दोहोंपैकी एका पक्षाच्या रूढ विधींनी लागावं. त्या विधींत सप्तपदी असेल तर सातव्या पावलाला लग्न पुरं होतं. हे सातवं पाऊल थेट मनुस्मृतीतून आलेलं आहे. आणि रूढी कशाला म्हणायचं? तर जी दीर्घकाळ, अखंड आणि एकसारखी पाळली गेली आहे तिला. आता यातला पेच बघा. नवा विधी रूढी नाही, कारण तो नवा आहे. तो जुना व्हायचा तर लोकांनी पिढ्यानपिढ्या पाळला पाहिजे. आणि ज्यानं लग्न लागेल की नाही याची खात्री नाही, तो विधी पिढ्यानपिढ्या कोण पाळील?

या पेचातून काय निघालं, त्याचं उदाहरण महाराष्ट्रातलंच आहे. भाऊराव लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य, निकाल १९६५ चा. कायद्याचे विद्यार्थी हा खटला आजही वाचतात. पहिली बायको हयात असताना या गृहस्थांनी १९६२ मध्ये दुसरं लग्न केलं, गांधर्व म्हणवणाऱ्या पद्धतीनं. पाट मांडले, तांब्यावर विड्याची पानं आणि नारळ ठेवून पूजा झाली, एकमेकांना हार घातले, आणि कपाळाला कपाळ लावलं. झालं लग्न. एकत्र येण्याचा विधी म्हणून विचार केलात तर वाळूच्या बरणीपेक्षा हा किती सरळ! दोन कपाळं, मध्ये काही नाही. गावाला वाटलं लग्न लागलं. पहिल्या बायकोलाही वाटलं. खालच्या न्यायालयांनी द्विभार्येच्या गुन्ह्यात नवऱ्याला दोषी धरलं, उच्च न्यायालयानं ते कायम ठेवलं. सर्वोच्च न्यायालयानं मात्र त्याला सोडून दिलं. कारण होम नाही, सप्तपदी नाही, आणि एवढ्याशा विधीनं लग्न लागतं अशी रूढी असल्याचं सिद्ध झालेलं नाही. लग्नच लागलं नाही, तर दुसरं लग्न केल्याचा गुन्हा कसा होईल?

ऑस्टिनच्या भाषेत हा फुसका बार. बार फुसका गेला की सगळ्यांचीच पंचाईत होते, असं वाटेल. इथे एकाची सुटका झाली. पहिलीला न्याय नाही, कारण दुसरं लग्न झालंच नाही. दुसरी बायको नाही, कारण तिचंही लग्न झालंच नाही. दोन बायका दोन बाजूंना उभ्या, आणि मधला माणूस घरी गेला. निकाल कायद्याच्या अक्षराला धरून चूक होता असं मी म्हणत नाही. न्यायमूर्तींपुढे जे कलम होतं त्याचा त्यांनी अर्थ लावला. पण पुढे कित्येक वर्षं वकिलांनी ही वाट मळली: दुसरं लग्न करायचं असेल तर विधी थोडा अपुरा ठेवावा.

तमिळनाडूनं हा पेच निराळ्या रीतीनं सोडवला. पेरियार रामस्वामींच्या चळवळीनं १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून स्वाभिमान विवाह लावायला सुरुवात केली होती: पुरोहित नाही, मंत्र नाही, मुद्दाम राहुकाळात लग्न. हजारो लागली. आणि १९५० च्या दशकात मद्रास उच्च न्यायालयानं ठरवलं की हे लग्न कायदेशीर नाही. पुढे १९६७ मध्ये अण्णादुराई मुख्यमंत्री झाले आणि त्यांच्या सरकारनं हिंदू विवाह कायद्यात आपल्या राज्यापुरतं 'सात अ' हे कलम घातलं. नातेवाईक, मित्र किंवा इतर माणसांसमोर, दोघांना कळेल अशा कुठल्याही भाषेत 'मी हिला पत्नी, मी याला पती म्हणून स्वीकारतो' असं म्हटलं, किंवा एकमेकांना हार घातला, किंवा अंगठी घातली, किंवा ताली बांधली, तरी लग्न लागलं. यांतलं कुठलंही एक पुरे. आणि आधी लागलेली तशी लग्नंही वैध. ही शेवटची तरतूद मला सर्वांत माणुसकीची वाटते. चाळीस वर्षांपूर्वी हार घातलेली एखादी म्हातारी त्या दिवशी मागे जाऊन बायको ठरली. नॉर्थ कॅरोलिनाच्या कचेरीतली रांग आठवते ना?

महाराष्ट्रात, जिथे हा विचार १८७३ मध्ये सुरू झाला, तिथे असं कलम आपण केलं नाही. मला याचं वाईट वाटतं आणि आश्चर्यही. जोतीरावांचे पुतळे आपण पुष्कळ उभारले.

आता कुणी म्हणेल, नोंदणीचं प्रमाणपत्र आहे ना, मग विधीची कटकट कशाला? तर २०२४ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की हिंदू विवाह कायद्याखाली नुसत्या प्रमाणपत्रानं लग्न होत नाही; विधी झाला नसेल तर नोंदणी कशाची केली? म्हणजे कागद आहे पण विधी नाही, तरी बार फुसका. विधी आहे पण तो मान्य नाही, तरीही फुसका.

समोर दोघं जण हात वर करून बसले आहेत, त्यांचा प्रश्न मला आधीच चिठ्ठीवर मिळाला आहे. ते विचारतात, आम्हाला शेतावर, आंब्याखाली लग्न करायचं आहे, होम नको, तर काय करावं? तुम्हाला विशेष विवाह कायदा, १९५४ चा, वाचायला सांगतो. त्याचं बारावं कलम सुंदर आहे. लग्न तुम्हाला हव्या त्या पद्धतीनं लावा, असं ते म्हणतं. केरसुणी ओलांडा, कपाळाला कपाळ लावा, वाळू ओता. अट एवढीच की विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदार यांच्यासमोर दोघांनी एकमेकांना, आपल्याला समजेल त्या भाषेत, मी तुझा कायदेशीर पती किंवा पत्नी म्हणून स्वीकार करतो किंवा करते, या अर्थाचं एक वाक्य म्हणायचं. ते मराठीत चालतं. आणि हे कचेरीतच झालं पाहिजे असं नाही. जादा फी भरली तर कचेरीपासून वाजवी अंतरावरच्या जागी अधिकारी येऊ शकतात. तेव्हा आंब्याखाली चालेल, फक्त शेत फार लांब नसावं. तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते, तेवढं विसरू नका. मंगलाष्टकं हवी असतील तर ती १८८७ ची पुस्तिका माझ्याकडे आहे. झेरॉक्स काढून देतो. पुढचा प्रश्न घेऊ या.